भिंतीवरचे डावे हात

टीचरना माणसं चेहऱ्यावरून आठवत नसत, हातावरून आठवत. मरोळच्या गावठाणात मी त्यांच्याकडे गिटार शिकायला जायचे तेव्हा अधूनमधून कुणी जुना विद्यार्थी भेटायला यायचा. नाव सांगायचा, बॅच सांगायचा, टीचर नुसत्या बघत राहायच्या. मग तो डावा पंजा पुढे करायचा आणि त्यांचा चेहरा एकदम उजळायचा. "हां, अंगठा मागे वळणारा तू. आईचा गुडघा कसा आहे आता?"

गल्लीच्या तोंडाशी, क्रुसाच्या शेजारी त्यांची पत्र्याची पाटी होती. 'गिटार शिकवली जाईल. आधी हात दाखवा.' त्यातली वरची ओळ उन्हापावसाने पुसून गेली होती, खालची मात्र ठणठणीत होती. त्यामुळे भविष्य विचारायलाही लोक यायचे. मी असताना एकदा जवळच्या ऑफिसातले एक गृहस्थ आले. मुलीचं लग्न जमत नव्हतं. टीचरनी त्यांचा हात प्रामाणिकपणे तपासला आणि करंगळी आखूड आहे, पण बाकी बोटं चांगली आहेत, असं सांगितलं. कधीपर्यंत जमेल, त्यांनी विचारलं. टीचर म्हणाल्या, रोज अर्धा तास बसलात तर दिवाळीपर्यंत. गृहस्थ समाधानाने गेले. दिवाळीच्या आधी पेढे घेऊन परत आले. टीचरनी पेढा खाल्ला आणि रियाज का केला नाही म्हणून त्यांनाच झापलं.

टीचर पूर्वी टेलिफोनच्या ऑफिसात होत्या. लग्न केलं नव्हतं. घर जुनं, खालची एक खोली शिकवणीची. त्या खोलीच्या दाराआडची सगळी भिंत पेन्सिलीने काढलेल्या हातांनी भरलेली होती. आलेल्या प्रत्येकाचा डावा पंजा भिंतीवर ठेवून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवायची आणि मगच तारांना हात लावू द्यायचा, हा त्यांचा नियम. नावं लिहिलेली नव्हती. लहान हात, फताडे हात, एकाचं बोट मशिनीत गेलेलं. सगळे एकमेकांवर चढलेले. लांबून बघितलं तर मोर्चा वाटायचा. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मोर्चात सगळे एकच हात वर करतात. इथे बघ, एक दुसऱ्यासारखा नाही."

मी पहिल्यांदा गेले ते आमची गिटार घेऊन. राहायला मी मानखुर्दला. मरोळच्या एका ऑफिसात औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं मराठीत आणायचं काम करायचे. आमचं पाच जणांचं कलापथक होतं. वस्तीत, विहाराच्या आवारात, कामगारांच्या गेटवर गाणी म्हणायचो. पाचांनी मिळून एक गिटार घेतली होती. एक्केचाळीस इंची, दुकानातली सगळ्यात मोठी. रस्त्यावर माइक नसतो, तेव्हा आवाज मोठा पाहिजे, एवढाच हिशेब होता.

टीचरनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे कपाट कुणाचं?"

"आमच्या पथकाचं. सगळ्यांचं."

"म्हणजे कुणाच्या हाताचं?"

"सांगितलं ना. सगळ्यांच्या."

"तुमच्यात चष्मा कितीजणांना आहे?"

"तिघांना."

"मग तिघांत एक चष्मा ठेवा."

त्यांनी मला आरशासमोर बसवलं आणि गिटार मांडीवर ठेवायला लावली. तिची बॉडी इतकी जाड होती की उजवा हात तिच्यावरून पलीकडे न्यायला मला खांदा उचलावा लागायचा. "बघ," त्या म्हणाल्या, "खांदा कानाशी काय बोलतोय?" मग डावीकडे आल्या. गिटारचा जो लांब दांडा, ज्याच्यावर बोटांनी तारा दाबायच्या, त्याला नेक म्हणतात. माझी करंगळी त्या नेकच्या वरच्या कडेपर्यंत पोचता पोचता मनगट मोडायचं बाकी राहायचं. आणि छातीपाशी बॉडीची कड रुतायची, हे तर मी कुणालाच बोलले नव्हते. त्या बोलल्या. "ही बॉडी ज्याने आखली त्याची छाती सपाट असणार. तू चुकीची नाहीस गो. माप चुकीचं आहे."

हे मला चटकन पटायला हवं होतं. पटलं नाही. माझे बाबा कारखान्यात होते, युनियनमध्ये होते, आणि आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. 'मला आवडतं' असं आमच्या घरात फारसं कुणी म्हणायचं नाही. 'आपल्याला पाहिजे' असं म्हणायची पद्धत होती. जेवणात काय आवडतं असं कुणी विचारलं तर मी आजही गोंधळते. त्यामुळे मी टीचरना ठणकावून सांगितलं की आवडनिवड हा भरल्या पोटाचा चोचला आहे, आमच्या वस्तीत जी गिटार मिळेल ती आमच्या मापाची.

टीचर शांतपणे पेन्सिलीला टोक करत होत्या. म्हणाल्या, "मिळेल ते घ्या, असं तर मालक लोक बोलतात. तुझ्या बाबांच्या पत्रकात पण हेच छापलेलं असायचं काय?"

  घरी जाऊन बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ हसत होते, आणि मग म्हणाले की या बाईला आमच्या गेट मीटिंगला आणायला हवं होतं.

त्यानंतर मी दर बुधवारी आणि शनिवारी ऑफिस सुटलं की जायला लागले. शिकण्यापेक्षा भांडायलाच जास्त.

टीचरची मतं भयंकर होती. ज्या गिटारच्या बॉडीला एका बाजूने खाच मारलेली असते, त्या त्यांना बघवत नसत. उंदराने खाल्लेली म्हणायच्या. फार चकाकणारी गिटार आणली की ओल्या फडक्याने पुसून बघायच्या, रंग जातो का म्हणून. एका श्रीमंत घरातल्या बाईंनी मुलीसाठी परदेशातून गिटार मागवली होती. टीचरनी मुलीचा हात भिंतीवर ठेवला, मग गिटार बघितली, आणि ही गिटार मुलीच्या मामाला द्या असं सांगून टाकलं. मुलीला मामाच नाही, असं त्या बाई म्हणाल्या. "मग मामा येईपर्यंत थांबा," टीचर म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

पण त्यांची स्वतःची गिटार मात्र वेगळीच गोष्ट होती. नायलॉनच्या तारांची, कमरेला बारीक, आणि नेक अशी रुंद की माझा पंजा तिच्यावर पाळण्यातल्या पोराचा दिसायचा. टीचरची बोटं जाड होती. "माझी बोटं म्हणजे वालाच्या शेंगा," त्या म्हणायच्या. अरुंद नेकवर जाड बोट ठेवलं की शेजारच्या तारेला लागतं आणि ती तार मुकी होते. रुंद नेकवर तारा लांब लांब असतात, प्रत्येकीला जागा मिळते.

ही रुंद नेक त्यांना सहज मिळाली नव्हती. तरुणपणी त्या गावठाणातल्या लग्नाच्या बँडमध्ये होत्या, पुरुषांत एकट्या बाई. बँडमास्तर नात्यातलेच, गल्लीच्या पलीकडच्या टोकाला राहणारे, स्वतःही गिटार वाजवणारे. त्यांनी यांना एक छोटी गिटार आणून दिली. आखूड, पातळ, अरुंद नेकची. लेडीजला हीच बरी, म्हणाले. हात विचारला नाही की बोटं बघितली नाहीत. टीचर त्या गिटारवर वाजवायच्या, तारा मुक्या व्हायच्या, आणि मास्तर सगळ्यांसमोर म्हणायचे की बायकांच्या हाताला वजन नसतं. शेवटी टीचरनी टेलिफोनच्या पगारातून रुंद नेकची गिटार घेतली आणि ती घेऊनच एका लग्नात उभ्या राहिल्या. मास्तरांनी काही म्हटलं नाही, पण पुढच्या लग्नाला बोलावलंही नाही.

तेव्हापासून टीचर एकट्या वाजवू लागल्या. दरवर्षी आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात त्या सणाला, गावठाणातल्या बायका क्रुसापाशी जुनी गाणी म्हणतात. मरोळला शेत उरलेलं नाही, लोंब्या आता गोराईच्या नातेवाइकांकडून येतात. पण गाणी होतात, आणि त्या गाण्यांना साथ टीचरची. त्यांच्या लहानपणी पुरुष वाजवायचे. टीचरनंतर कुणाची हिंमत झाली नाही.

मास्तरांची ती छोटी गिटार टीचरनी फेकली नव्हती. खोळीत घालून खिळ्याला टांगून ठेवली होती. बारीक हाताचं कुणी आलं की शिकायला द्यायच्या. स्वतः कधी वाजवायच्या नाहीत. एक दिवस त्यांनी ती काढून माझ्या मांडीवर ठेवली. खांदा खाली आला. करंगळी पोचली. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी म्हटलं की हिचा आवाज रस्त्यावर पोचणार नाही.

"ने. पोचतो का बघ."

पथकात या छोट्या गिटारवरून मोठी बैठक झाली. आमच्यातला सगळ्यात उंच मुलगा, ज्याला मोठी गिटार मस्त बसायची, तो म्हणाला, "आता तुला पर्सनल गिटार पाहिजे. उद्या पर्सनल माइक, परवा पर्सनल क्रांती." सगळे हसले. मीही हसले, पण मग टीचरचाच प्रश्न त्यांना टाकला, की मिळेल ते घ्या हे आपण कुठल्या तोंडाने म्हणतो? वाद पुष्कळ झाला. शेवटी विहाराच्या आवारात दोन्ही गिटार वाजवून बघायचं ठरलं. मोठीचा आवाज जास्त होता, यात वाद नाही. पण कुंपणापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाया म्हणाल्या की छोटीवर गाण्याचे शब्द कळतात, मोठीत शब्द बुडतात. मग दोन्ही ठेवल्या. उंच मुलगा म्हणाला, यार, मला तरी कुठे माहीत होतं तुझं दुखतं म्हणून, बोलायचं ना. हे मात्र त्याचं खरं होतं. आमच्यात दुखतंय म्हणायची सवयच नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात टीचरचा डावा हात बिघडायला लागला. पहिल्यांदा त्यांनी हवेला दोष दिला, मग तारांना. तारा नव्या आणल्या तर दुकानदाराला. बोटांची पेरं सुजली होती आणि पंजा पूर्वीसारखा उघडत नव्हता. रुंद नेकवर पलीकडच्या तारेपर्यंत बोट नेताना त्यांचे ओठ घट्ट मिटायचे. विद्यार्थ्यांना त्या तोंडानेच सूर सांगू लागल्या. डॉक्टरने संधिवात म्हटलं होतं, आणि हे त्यांनी मला सांगितलं नाही. शेजारच्या बाईने सांगितलं. तिनेच हेही सांगितलं की बायकांनी बसून ठरवलंय, टीचरना जमलं नाही तर आगेऱ्याला तिच्या भाच्याचा कीबोर्ड लावायचा, त्यात सगळ्या वाद्यांचे आवाज असतात. टीचरच्या कानावर ते गेलं होतं. त्या कुणाशी बोलत नव्हत्या. आगेरा तोंडावर आला होता.

मी छोटी गिटार घेऊन गेले. खोळीतून काढली आणि त्यांच्यासमोर धरली. नेक अरुंद आहे, आखूड आहे, पंजा ताणावा लागणार नाही, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

रागावल्या की टीचरच्या तोंडी गावठाणातली बोली यायची. "ती मास्तरची हाय. मना नको."

"मास्तरची कशी? तुमची आहे. मी वर्षभर वाजवतेय, तुम्ही दिलीत म्हणून."

"मी ती घेऊन क्रुसासमोर बसले तर तो खुर्चीत बसून हसेल. बोलेल, बघा, मी तेव्हाच बोललो होतो. सगळं आयुष्य मी रुंद नेकवर काढलं ते काय शेवटी त्याला खरं करायला?"

त्यांचं दुःख मला समजलं. जी गोष्ट आपल्यावर लादली गेली, तिच्याविरुद्ध माणूस उभं आयुष्य लढतो, आणि एक दिवस तीच गोष्ट आपल्याला खरोखर लागते. मग काय करायचं? आमच्या कुठल्याही पत्रकात याचं उत्तर नव्हतं. म्हणून मी त्यांचंच उत्तर त्यांना दिलं. दार ओढून त्याच्या आडची भिंत मोकळी केली आणि म्हटलं, "टीचर, आधी हात दाखवा."

 त्या उठल्या. भिंतीवर, बाकीच्या हातांच्या गर्दीत, अगदी मधोमध त्यांचा स्वतःचा हात होता. सगळ्यात आधी काढलेला, रुंद, बोटं पसरलेली. त्यांनी डावा पंजा त्यावर ठेवला. तो बसला नाही. पेरं रेषेच्या बाहेर येत होती आणि टोकं आत राहत होती. मी पेन्सिल उचलली, पण त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि उजव्या हाताने स्वतःच कडेने फिरवली. हळूहळू, एकेका सुजलेल्या पेराला वळसा घालत. हात काढला तेव्हा जुन्या हातावर नवा हात होता.

"हा कुणाचा हात आला माझ्या भिंतीवर?" त्या म्हणाल्या. पेन्सिल खाली ठेवत म्हणाल्या, "आण ती."

वाजवून बघितलं तर वाट लागली. पंजा पोचत होता, पण सुजलेली बोटं अरुंद नेकवर शेजारच्या तारांना लागत होती. एकेक तार मुकी. रुंद नेकवर हात पोचत नाही, अरुंदवर बोट मावत नाही.  मला वाटलं, मीच त्यांना इथपर्यंत ओढून आणलं आणि आता पुढे रस्ता नाही.

टीचर मात्र गिटारकडे वेगळ्याच नजरेने बघत होत्या, नव्या विद्यार्थ्याकडे बघायच्या तसं. "जागा कमी आहे," त्या स्वतःशीच बोलल्या. "जागा कमी असली की काय करायचं?" आणि त्यांनी दोन तारा सोडवायला घेतल्या. सहातल्या चार उरल्या. नेकच्या टोकाला तारा बसवायची खाचांची पट्टी असते, ती त्यांनी काढली, आणि खाटकाकडून आणलेल्या हाडाची नवी पट्टी कानशीने घासून तयार केली. चार खाचा, लांब लांब. हे काम त्यांनी दोन शनिवार केलं, मला फक्त गिटार धरायला ठेवलं. दोन तारा गेल्या तर काही सूर जातील ना, मी विचारलं.

"जातील. मग नवीन शोधीन. सहा तारा पाहिजेतच असं कोण बोललं?"

आगेऱ्याच्या दिवशी मी आईला घेऊन गेले. तिला चर्चमधलं काही कळेना, पण लोंब्यांची पेंढी बघून ती हरखली, आणि एका बाईकडून इथल्या घरगुती मसाल्याची बाटलीही तिने मिळवली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर बायका क्रुसापाशी जमल्या. भाच्याचा कीबोर्ड खोक्यातच होता, लागला तर म्हणून. टीचर लुगड्यात, चार तारांची छोटी गिटार मांडीवर घेऊन बसल्या. समोर खुर्चीत बँडमास्तर. खूप म्हातारे, पण टाय लावलेला. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला होता.

गाणी झाली. टीचरच्या साथीत काही जागा मोकळ्या राहत होत्या, आणि त्या मोकळ्या जागांत बायकांचे आवाज पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येत होते. कुणी कीबोर्डचं नाव काढलं नाही. शेवटचं गाणं संपलं तसे मास्तर काठीवर उठले, टीचरपाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शेवटी छोटीच घेतलीस ना गो?"

 मला त्या क्षणी मास्तरांच्या तोंडावर सांगण्यासारखी दहा वाक्यं सुचली, सगळी पत्रकात छापण्यासारखी. पण टीचर रागावल्या नाहीत.

"घेतली," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने मागितली म्हणून घेतली. तू दिलीस तेव्हा माझ्या हाताला विचारलं होतंस?"

 टीचरनी गिटार बाजूला ठेवली. "दाखव," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हात दाखव तुझा. डावा."

आणि मास्तरांनी, का कोण जाणे, काठी दुसऱ्या हातात घेतली आणि डावा हात पुढे केला. टीचरनी तो आपल्या सुजलेल्या हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं एकेक ताणून बघितली. लहानसा हात होता तो. बोटं निमुळती, पंजा माझ्यापेक्षा थोडाच मोठा. हा माणूस सगळं आयुष्य बँडमधली सगळ्यात मोठी गिटार खांद्याला अडकवून उभा राहिला होता.

"अरे," टीचर हलक्या आवाजात म्हणाल्या, "ही छोटी तर तुझ्या मापाची होती."

 मास्तरांनी हात सोडवून घेतला नाही. मग आपल्या उतरलेल्या खांद्याकडे मानेने खूण केली आणि फक्त टीचरना ऐकू जाईल अशा बेताने, पण मी जवळ होते म्हणून मलाही ऐकू आलं, म्हणाले, "अजून दुखतो गो."